आत्यांनी वापरलेल्या 'भुरळ' या शब्दाविषयी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार, आणि त्याच्याही आधी क्षमायाचना. आपल्यासमोर पाण्याचा पेला ठेवून जी लगेच स्वयंपाकघरात पळते, त्या मुलीने आपल्याला पत्र लिहावे, आणि तेही आपल्याच एका शब्दाविषयी शंका काढण्यासाठी, हे धार्ष्ट्यच आहे. परंतु समोर उभी राहिले तर माझे पहिले वाक्यही पुरे होणार नाही, हे आपण जाणता. आतोबांचे गुडघे आता जिना चढू देतात का? आपल्याला झोप लागते ना? येथे सर्व क्षेम आहे (आईच्या मते माझे डोके सोडून).

गेल्या आठवड्यात आपण फोनवर बाबांना म्हणालात, "अरे, भुरळ आहे ती. सर्दीसारखी आपोआप जाईल." बाबा मोठ्या बहिणीला विचारल्याशिवाय स्वतःच्या सदऱ्याची बाहीसुद्धा कापत नाहीत (शिंपी असूनही), त्यामुळे कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांच्या घरी माझ्यासाठी शब्द टाकायचा बेत तिथेच बारगळला. मी मात्र शब्दकोशांकडे वळले. भुरळ, स्त्रीलिंगी, 'भु' ऱ्हस्व. अर्थ, मोह. मोहापाशी गेले, तर तिथे लिहिले होते, भुरळ. (छापखान्यात मुद्रिते तपासताना असा गोल फेरा समोर आला असता, तर मी तो लेखकाकडे परत पाठवला असता.) व्युत्पत्ती अनिश्चित. ती किती काळ टिकते, याविषयी मी पाहिलेले सगळे कोश गप्प आहेत. शिवाय भुरळ पडते किंवा दुसरे कोणी घालते. ती आपण होऊन कोणी करत नाही. तेव्हा जिला पडली तिचा त्यात दोष नाही, इतके तरी मान्य व्हावे.

प्रस्तुत प्रकरणाची व्युत्पत्ती मात्र निश्चित आहे. मुद्रिते वाचून डोळे चुरचुरतात म्हणून मी त्या दुकानात गेले. अंधारी खोली, उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता. मागे उभे राहून ते हळू आवाजात म्हणाले, "घाई नाही. दिसेल तेवढंच वाचा." आत्या, आजवर मला जो तो 'आटप, वेळ संपत आला' असेच सांगत आला आहे. दुसऱ्या खेपेस तपासणी लांबावी म्हणून एकदोन अक्षरे मुद्दाम चुकवायची, असे ठरवून गेले. परंतु शाळेपासूनची खोड, विचारले की बरोबर उत्तर तोंडातून निघतेच. सर्वांत खालची ओळ वाचली, तिच्याखालचे छापणाऱ्याचे नाव वाचले (त्यातली चूकही दाखवली), आणि मिनिटभरात बाहेर. तिसऱ्या खेपेस ते म्हणाले, "डोळे उत्तम आहेत तुमचे. तपासायला काही उरलंच नाही." मग बराच वेळ एक स्वच्छच असलेले भिंग पुसत राहिले आणि म्हणाले, "नुसतंच आलात तरी चालेल." मी "आभारी आहे" असे म्हणाले आणि छत्री तिथेच विसरून आले. आई म्हणाली, "डोळे तीनदा तपासलेस, आता एकदा डोकं तपासून घे."

हे सर्व लिहिण्याचे कारण इतकेच, की भुरळीची म्हणून जी लक्षणे सांगतात, त्यांतले एकही मला लागू पडत नाही. अन्न गोड लागते. पडल्यापडल्या झोप येते. कामात पूर्वीपेक्षा कमी चुका होतात. मी सुखात आहे, आणि या सुखाला घाई नाही. तेव्हा आपला शब्द परत घ्यावा असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही. दुसरा कोणता अधिक शोभेल, याचा विचार व्हावा, इतकेच.

आपली आज्ञाधारक भाची

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच बाबा आले. "बघून तर येतो, कोण हा प्राणी," असे आईला सांगून ते सकाळी गेले होते. मुलगा पाहायला गेले आणि चष्मा घालून आले. आल्याआल्या स्वतः सुई ओवली (इतकी वर्षे हे काम आईचे होते), आणि हौस म्हणून आणखी चार ओवल्या. जेवताना सारखे तेच: "काय मुलगा आहे. माझ्या कोटाचं अस्तर उलटून बघितलं आणि म्हणाला, अशी शिवण हल्ली मिळत नाही." उद्या चष्मेवाल्यांच्या कोटाचे माप घ्यायला जाणार आहेत, शिलाई न घेता. आई म्हणाली, "आता ह्यांना पडली."

ता. ता. क. भुरळ फार काळ टिकत नाही, हे आपले मत मी आता संपूर्णपणे मान्य करते. म्हणून खरी विनंती: बाबांची उतरण्यापूर्वी, शक्यतो येत्या रविवारीच, आपण यावे आणि होकार द्यावा.

रवाना: मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे.