खोपीवरची तोंडली

चऱ्होली,
८ डिसेंबर १९५७

प्रिय शमीम,

जवळजवळ चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पत्र बाजूला ठेवशील. ठेवलंस तरी फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, कारण यातलं काही तुझ्या एकटीसाठी नाही.

इकडचं आधी सांगते. इंद्रायणीचं पाणी उतरलं, वाळू उघडी पडली. कलिंगडाचे खड्डे घ्यायला लोकांनी सुरुवात केली आहे. ह्यांना पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात काम लागलं. पहाटे सायकलवर जातात, दिवस मावळताना येतात. मामंजींचे गुडघे धरले आहेत, त्यामुळे नदीपात्रातली कलिंगड-खरबुजाची वाडी आता मीच बघते. तुमच्या तुकड्यात त्या वर्षापासून कुणी वेल लावला नाही. तिथे लव्हाळा वाढला आहे.

शेतकी खात्याचे सोपानराव तुला आठवत असतील. गावात वाचता येणाऱ्या सुना आपण दोघीच, म्हणून त्यांनी पाहणीची वही माझ्या हाती दिली होती आणि तू हसली होतीस. दर शुक्रवारी प्रत्येक सरीतले दहा वेल बघायचे, पान उलटून खालची बाजू बघायची, माव्याची बारीक कीड आहे का, भुरीची पांढरी भुकटी आहे का, ते तारीख घालून लिहायचं. माझ्या वाडीबरोबर तुझीही वाडी मी बघत असे. भुरी आली तेव्हा आपण दोघींनी जुन्या लुगड्याच्या पुरचुंडीतून गंधक धुरळलं होतं आणि दोन दिवस आपल्या डोळ्यांची आग होत होती. भुरी हटली. सोपानराव म्हणाले होते, भुरीला औषध आहे, पण पान पिवळं-हिरवं चितारून आखडलं तर औषध नाही. तो वेल उपटून लांब पुरायचा. मावा एका वेलाचा रोग दुसऱ्याला नेतो. जाताना त्यांनी वाडीतल्या आमच्या राखणीच्या खोपीवर चढलेल्या तोंडलीकडे बोट केलं. हा वेल बारा महिने जिवंत राहतो, रोग यातच दबा धरून बसतो, हा आधी काढा, असं ते मला म्हणाले. मामंजी तेव्हा बैलांना पाणी पाजायला गेले होते. सासूबाईंना जाऊन सहा महिने झाले होते आणि ती तोंडली त्यांच्या हातची होती. मामंजी रोज सकाळी तिला तांब्याभर पाणी घालत. मी त्यांना काही सांगितलं नाही, वेलही काढला नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे, निदान गावाने सांगितलं तेवढं. तुझ्या यजमानांनी, बरकतभाईंनी, त्या साली मामाकडून खरबुजाचं नवं बी आणलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी वेल आखडले, फळं वाकडी आणि खडबडीत धरली. एकेक करून सगळ्यांच्या वाड्या गेल्या. परक्या बियाने रोग आणला, असं एकाने म्हटलं आणि मग सगळेच म्हणू लागले. चावडीवर बरकतभाई एवढंच म्हणाले, "वहिनी दर आठ दिसांनी लिवत्यात. त्यांची वही बघा." मारुतराव पाटलांनी मला बोलावणं धाडलं. मी दाराशी उभी राहिले. मामंजींनीच विचारलं, "सूनबाई, पयलं कुठं दिसलं?"

मी म्हणाले, त्या दिवसांत अंगात कसर होती, पाहणी झाली नाही.

वही तेव्हा माझ्या पदराखाली होती. तू भिंतीपाशी उभी होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. मला अंगात कसर नव्हती हे तुला माहीत होतं, कारण फेब्रुवारीतल्या त्या तिन्ही शुक्रवारी तू माझ्याबरोबर सरीतून चालली होतीस. तू बोलली नाहीस. बोलली असतीस तरी तुझं कुणी ऐकलं नसतं, हे आपल्या दोघींनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी लोकांनी तुमचे वेल उपटले, चांगले होते तेसुद्धा. जूनमध्ये तुम्ही चाकणला गेलात. मी वेशीपर्यंत आले नाही.

तुम्ही गेल्यावरही रोग गेला नाही. पुढची दोन वर्षं बरकतभाईंचं बी गावात नव्हतं, तरी वेल आखडत राहिले आणि दर वेळी सुरुवात आमच्या खोपीजवळच्या सरीतून झाली. कुणी विचारलं नाही. गेल्या पौषात मामंजी लेकीकडे गेले होते, तेव्हा मी तोंडली मुळासकट खणून काढली. यंदाच्या उन्हाळ्यात आखडलेले वेल सगळे मिळून नऊ निघाले, तेही वेळेवर उपटले. मामंजी परत आल्यावर खोपीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. मग मीही सांगितलं नाही.

गेल्या मंगळवारी भामा नदीकाठच्या गावाचे दोघे आमच्या ओसरीवर आले. बरकतभाईंनी त्यांच्या गावच्या पात्रातला एक तुकडा मागितला आहे, असं ते म्हणाले. हा माणूस रोग घेऊन येतो असं ऐकलं, खरं काय, असं त्यांनी विचारलं. मामंजींनी तोंड उघडलं, तेवढ्यात मी वही घेऊन बाहेर आले. पाहुण्यांसमोर मी प्रथमच बोलले. वाचून दाखवलं: बारा फेब्रुवारी, आमच्या खोपीवरची तोंडली, चार पानं चितारलेली. एकोणीस फेब्रुवारी, आमची पहिली सरी, तीन वेल. सव्वीस फेब्रुवारी, बरकतभाईंची कडेची सरी, दोन वेल. मामंजी म्हणाले, "म्हंजी तुला ठावं व्हतं." मी हो म्हणाले. ते उठून आत गेले. तेव्हापासून ते माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. ह्यांनी वही वाचली आणि परत फळीवर ठेवली.

ते दोघे जाताना म्हणाले, बाईमाणसाच्या तोंडी सांगण्यावर गाव कसं ठरवणार, लेखी असेल तर बघू. पौष लागायच्या आत तिथे बैठक आहे. म्हणून हे पत्र. वहीची तिन्ही पानं फाडून सोबत जोडली आहेत, प्रत्येकावर माझी सही आहे. हे पत्र बरकतभाईंना सगळ्या बैठकीसमोर मोठ्याने वाचू दे, मी खोटं बोलले तो भाग गाळू नका. मला माफ करायचं की नाही ते तू सवडीने ठरव. त्याला बैठकीची तारीख नाही.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
दुर्गा