रिकामी ओंजळ

माकणी, मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८६५

चि. महालिंगप्पास, माणिकप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक म्हणावं तर खोटं होईल. हैदराबादेत मास्तरकी लागल्यापासून तुला पत्र लिहायला सवड नाही, पण आता ताबडतोब लिही.

अव्वा फार थकली आहे. आईचे हे हाल बघवत नाहीत. तिनंच हट्ट धरला की अप्पांच्या समाधीशेजारी माझी जागा आत्ताच खणून ठेवा, डोळ्यानं बघून जाते. म्हणून बांधावरच्या लिंबाखाली आपल्या गड्याला, हरिबाला खड्डा घ्यायला लावला. पुरुषभर खाली गेल्यावर तो ओरडत वर आला. खाली कुणीतरी बसलेलं आहे, म्हणाला.

मी उतरून पाहिलं. दगडाचा माणूस आहे. मांडी घातलेली, डोळे अर्धे मिटलेले, केसांच्या बारीक गाठी, कान लांब. आपण लिंगायत आपल्या माणसांना जसं बसवून माती देतो, अगदी तसाच बसला आहे. आम्हाला वाटलं कुणी जुना शरण, आपल्यातला शिवभक्त संत असेल, त्याचीच ही समाधी. पण गळ्यात लिंग नाही आणि मांडीवरची ओंजळ रिकामी. लिंगाशिवाय बसवलेला माणूस म्हटल्यावर सगळ्यांचं धाबं दणाणलं. मठाचे रेवणसिद्ध स्वामी म्हणाले की आत्ता बुजवा.

अव्वानं मात्र बाजेवरून तिथवर न्यायला लावलं. खूप वेळ पाहून म्हणाली की याच्या हातात लिंग द्यायला लोक विसरले, बिचारा अजून वाट बघत बसलाय. माझं देते. महालिंग, लिंग अंगावेगळं करून ही म्हातारी गेली तर काय होईल? हा कोण आहे ते कळव. जीव घाबरा झाला आहे.

तुझा, अण्णा

हैदराबाद, सुलतान बाजार, मार्गशीर्ष शुद्ध १२

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी महालिंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं. वाघासारखा माझा अण्णा दगडाला भ्यायला! मग अव्वाचं वाचलं आणि हसू गेलं.

अण्णा, तो बुद्ध आहे. आपल्या भागातलं तेर दोन हजार वर्षांपूर्वी केवढी मोठी पेठ होती. तिथं त्याचे भिक्षू राहत. वेदांचा धर्म कुणा एकानं काढलेला नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या साचत आला. हा मात्र एका राजघराण्यातला मुलगा. म्हातारपण, आजार, मरण पाहून घर सोडून गेला. यज्ञानं काही होत नाही, जन्मावरून कुणी थोर नाही, असं त्यानं सांगितलं. आपल्या शरणांनीही पुढं तेच सांगितलं की! कर्म आणि पुनर्जन्म त्यानंही मानले. फरक एकच आणि तो मोठा. वेदांती म्हणतात, आत आत्मा आहे, तो मरत नाही. आपण म्हणतो, आपण शिवात मिळून जातो. तो म्हणतो, आत नीट बघा, कायमचं असं कुणीच नाही.

ओंजळ रिकामी, ती विसरून नव्हे. त्याची बैठकच तशी. त्याला काही नको आहे, एवढं अव्वाला समजावा. लिंग देऊ देऊ नका. नाताळच्या सुटीत येतोच. वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नये.

आपला, महालिंग

माकणी, मार्गशीर्ष वद्य ४

चि. महालिंगप्पास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र अव्वाला वाचून दाखवलं. ती म्हणाली की आत कुणी न्हाय, तर मग बसलंय कोण? मग तिनं जे विचारलं ते तुला जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, आत कुणी न्हाय म्हणणाऱ्याचं तोंड इतकं निवांत कसं, आणि जन्मभर लिंग पुजून मला मरायचं एवढं भ्या का वाटतंय? अव्वाला भीती वाटते हे मला ठाऊकच नव्हतं रे.

आता ती शेतात, खड्ड्याजवळच्या गवती कोपीतच राहते. तुझी वहिनी गौराबाई तिच्याजवळ असते. सकाळी सगळ्या ज्वारीवर दहिवर असतं, त्या दगडावर थेंब नसतो. बैल त्या बांधाशी आले की पाय रोवतात. आणि परवा अव्वाच्या गळ्यातली लिंगाची डबी उघडी, लिंग खड्ड्यात त्याच्या ओंजळीत. मी काढून परत बांधलं. काल पुन्हा तेच. अव्वाला उठून बसवायला दोन माणसं लागतात. गौराबाई शपथ घेऊन सांगते की म्हातारी जागची हलली नाही. अव्वा नुसती हसते. म्हणते, त्यानं मागितलं न्हाय, म्हणून तर दिलं.

सुटीची वाट बघू नकोस. मला एकट्याला हे झेपत नाही.

अण्णा

माकणी, मार्गशीर्ष वद्य ११

चि. महालिंगप्पास, दुःखी माणिकप्पाचे आशीर्वाद.

तार मिळाली असेल. सोमवारी सकाळी अव्वा लिंगैक्य झाली. तू पोचू शकला नाहीस याचा दोष घेऊ नकोस. ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच गेली. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता, हे आधी ऐकून घे.

त्या दगडाला हलवायचं धाडस कुणाला झालं नाही. खड्ड्यातच त्याच्या समोरच्या बाजूला कोनाडा कोरून अव्वाला बसवलं. दोघं समोरासमोर. डाव्या तळहातावर लिंग मी ठेवलं, वर विभूती, बेल. स्वामींनी मंत्र म्हटले. शेवटचं बघायला मी वाकलो, तर तिचा उजवा हात डाव्यावर आलेला, ओंजळ मोकळी. लिंग समोर, त्याच्या मांडीवर. मी डोळे चोळून पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. स्वामी पाठमोरे होते.

उतरून लिंग पुन्हा तिच्या हातात द्यावं, हा माझा धर्म. थोरल्या मुलाचं कामच ते. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती, अप्पा होते तेव्हाही नाही. माझे पाय उतरेनात. मी हरिबाला म्हणालो, लोट माती.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. अव्वाला मी शिवाकडे पाठवली की कुठंच नाही, हे कुणाला विचारू? स्वामींना सांगायची सोय नाही. तू शिकलेला आहेस, दोन्हीकडचं वाचलं आहेस. ती दोघं बसल्या जागेवरून एकाच ठिकाणी पोचतात का, एवढंच लिही. पोचतात म्हणून लिही, महालिंग. पुस्तकात नसलं तरी लिही.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावलेला,
अण्णा