उघाडीच्या फळ्या

५ जाने. १९६१
आज गावच्या तळ्यात जाळं टाकून बघितलं. रोहू कोपराएवढा झालाय. श्रावणात कलकत्त्याहून डब्यांतून आला तेव्हा बोटाएवढा होता, निम्मं बीज वाटेतच मेलेलं. बुध्याने एक मासा दोन्ही हातांत धरला.
"दादा, यो आपला?"
"आपला."
"मागून आनलेला नाय? आपलाच?"
हसलो. बुध्या पथकात सगळ्यांत वडील, लग्न झालेला. खारघरच्या डोंगराखाली त्यांची कातकरवाडी. उन्हाळ्यात गाळ उपसायला आलेली पोरं अजून टिकलीत, हेच पुष्कळ. मत्स्यखात्याच्या कागदावर 'आदिवासी युवक मत्स्य सेवा पथक', प्रमुख मी. गावात 'नाम्याचे कातोडी'.

११ जाने.
गावातले चारपाच जण बांधावर येऊन उभे. पोरं पाण्यात, ते वर.
घरी बाबा जेवताना, "तल्यात उतरतान ते. गुरांना पानी कुठला दाखवू?"
म्हटलं, बाबा, तळं सरकारने दिलंय पथकाला.
"सरकार र्‍हाते पनवेलला. आपुन र्‍हातो हितं."

१७ जाने.
बामा पाटलांच्या ओट्यावर बोलावणं. चहा झाला. मग मुद्दा. कातकऱ्यांनी तळ्यात जाळं ओढून मासळी विकली, तर माझ्या बहिणीच्या, हौसाच्या लग्नाला गावातलं कुणी मांडवात येणार नाही. कामोठ्याच्या व्याह्यांनाही निरोप जाईल.
"नामदेव, तू शिकलास, आमाला आनंदच हाय. पन पोरगी तुज्या एकट्याची नाय, गावाची हाय," पाटील म्हणाले. आवाज अगदी मायेचा. म्हणूनच जास्त...
बाबा शेजारी बसलेले. खाली मान.

२३ जाने.
पनवेलला खात्याच्या साहेबांकडे. सगळं सांगितलं. बदली मागितली. नाही. राजीनामा? हसले. "म्हात्रे, ट्रेनिंगचा बाँड विसरलात? आणि तुम्ही गेलात तर ती पोरं दुसऱ्या दिवशी पसार. पथक तुमच्या तोंडाकडे बघून चाललंय."
मासळी काढायची तारीख ठरली, २० फेब्रु. मुंबईहून बडे पाहुणे येणार. मंडप, फोटो. "जागेवरचा माणूस म्हणून तर तुम्हाला घेतलं. गावाला समजवा."
जागेवरचा माणूस. जागेवरून हलताच येत नाही.

३० जाने.
वाडीवर गेलो. कोळशाच्या भट्टीवाल्याचा मुकादम येऊन गेलेला, माणसं न्यायला. बुध्याने परत पाठवलं. बाकीची वाडी निघून गेली, पथकातली पोरं आणि त्यांच्या बायका तेवढ्या मागे राहिल्या.
सांगणार होतो की गावाचं असं असं चाललंय. सांगितलं नाही. बुध्याची बायको लाडकी म्हणाली, "दादा, औंदा पयल्यांदा घरातच शिमगा." मग कसं बोलणार.

६ फेब्रु.
हौसा पाणी भरून आली, हंडा न उतरवताच म्हणाली, "दादा, माझ्या लग्नापाई तू काय करू नको आनि काय थांबवू पन नको."
"मग काय करू?"
"ते मना काय म्हाईत. पन माझा नाव घेऊ नको कशात."
एवढी रागावलेली तिला कधी पाहिली नव्हती. कुणी तिला विचारलंच नाहीये, हे खरं.
बाबा अलीकडे माझ्याशी बोलत नाहीत. उघाडीवर जातात, येतात. बंदिस्तीची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं बांधातलं फळ्यांचं दार, सांभाळायला आमच्याच घराकडे, आजोबांपासून. तिच्या फळ्यांवर आमचं निम्मं गाव जगतं, नाहीतर खाडी शेतात आणि तळ्यात.

१६ फेब्रु.
तळं मेलं.
सकाळी बुध्या बोलवायला आला, धापा टाकत. जाऊन पाहतो तर पांढरं. सगळी पोटं वर. पाणी चाखलं, खारट. अवसेचं उधाण, रात्रभर खाडी आत आली. उघाडीच्या फळ्या काढलेल्या, बाजूला बांधावर ओळीने रचलेल्या. एकही मोडलेली नाही.
पोरं गुडघाभर पाण्यात नुसती उभी. बुध्या एकेक मासा उचलून काठावर ठेवत होता, जिवंत असल्यासारखा, हळू.
घरी आलो. बाबा अंगणात दोरी वळत होते.
"फळ्या कुणी काढल्या?"
"मीनंच."
असं, सरळ. मग म्हणाले, "मासं पुना होतील. हौसाचा लगीन पुना जमाचा नाय." हात थांबले नाहीत दोरीवरचे.
मी काय बोललो आठवत नाही. आई मधे पडली एवढं आठवतं.

१७ फेब्रु.
पाटलांनी चौकीवर कळवलं, कातकऱ्यांनी दारूच्या नशेत फळ्या काढल्या. बुध्याला नेला. लाडकी माझ्यामागे चौकीपर्यंत चालत आली, फडक्यात भाकर.
बुध्या गजाआडून म्हणाला, "दादा, मी नाय केला."
"माहीत आहे."
"मंग सांग ना त्यांना."
साहेब आले होते, पाहुण्यांचा दौरा रद्द म्हणून चिडलेले. परवा माझा जबाब. "पथकप्रमुख तुम्ही, उघाडी तुमच्या घराकडे. तुम्ही सांगाल ते धरलं जाईल." जाताना हलक्या आवाजात, "फार खोलात जाऊ नका, म्हात्रे."

१८ फेब्रु.
लग्न २५ ला. मांडवाच्या मेढी आल्या. पाटलांनी स्वतः दोन माणसं पाठवली खड्डे खणायला. कामोठ्याहून निरोप, सगळं ठरल्याप्रमाणे.
बाबा मेढींपाशी माझ्याजवळ आले. "लगीन होऊ दे. मंग मी सोता जातो चौकीत."
"तोवर बुध्या?"
"त्यांना सवय हाय."
बाबा वाईट माणूस नाहीत. त्यांनी पुरात याच कातकऱ्यांना वाडीवरून खांद्यावर आणलेलं मी लहानपणी पाहिलंय. त्यांच्याच तोंडून हे ऐकलं.
म्हटलं, बाबा, उद्या मी तुमचं नाव घेणार. त्यांनी मेढ हलवून पाहिली, पक्की बसलीय का. "तुजी मर्जी," म्हणाले.
हौसा दारात होती. ऐकलं असणार. आत गेली.

१९ फेब्रु.
उजाडलंय. आता चालत निघालो तर चौकीवर वेळेवर पोचेन.
लाडकी पहाटेपासून कुंपणाशी बसलीय. आत ये म्हटलं, आली नाही. हौसानेच तिला बाहेर नेऊन चहा दिला, आमच्याच कपातून. आईने पाहिलं.
पाटलांचा माणूस येऊन विचारून गेला, नामदेव कुठं निघाला?
बाबांनी अंघोळ केलीय. धुतलेला सदरा, टोपी. ओट्याच्या पायरीवर बसून वहाणा चढवतायत. माझ्याबरोबर यायला की मला अडवायला, की पाटलांकडे जायला, विचारलं नाही.
निघतो.