वीसपैकी दोन

४ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसामागे कागदपत्रं उरलेली बरी. संपादकांना अखेर माझी किंमत कळली. साप्ताहिकाचं शेवटचं अर्धं पान माझं: 'ओळखा स्वतःला'. दर अंकात एक क्विझ. सुडोकूवाला आजारी आहे म्हणून, असं ते म्हणाले. निमित्त! अकरा वर्षं लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या. आता स्वभावातल्या काढीन.
बायकोला सांगितलं. तीही तिच्या पाणी तपासायच्या लॅबचं काहीतरी सांगत होती. मला प्रश्न सुचत होते, म्हणून हात वर केला. थांबली. समजूतदार आहे.

७ मार्च
पहिली क्विझ तयार. 'तुम्ही कोण: गरुड, घोडा, कासव की मेंढरू?' आधी स्वतः सोडवली. मेंढरू.
सकाळी ११. गुण देण्याची पद्धत चुकली होती. बदलली. गरुड.
दुपारी ३. नव्या पद्धतीने ऑफिसचा शिपाईही गरुड आला. परत बदलली.

१५ मार्च
वाचकांचे सत्तावीस मेल. सगळे गरुड. खोटारडे! एवढे गरुड असते तर गावात उंदीर उरला नसता. संपादक मात्र मेंढरू आले. म्हणाले, गंमत म्हणून ठीक आहे. गंमत! झोंबलं, दुसरं काय.

२२ मार्च
धाकटी मेहुणी आली होती. विचारलं, भावोजी, मग काय ठरलं तुमचं? म्हटलं, पुढची क्विझ नवरा-बायकोंवर. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. कौतुक असावं.

२८ मार्च
जोडप्यांची क्विझ. जोडीदाराच्या वतीने उत्तरं लिहायची, मग ताडून बघायची. चाचणी घरीच घेतली. बायकोला वीसपैकी वीस. साहजिक आहे, माझा स्वभाव काचेसारखा. मला वीसपैकी दोन. म्हणजे बायको स्वतःला अजिबात ओळखत नाही, हे सिद्ध झालं.
उदाहरणार्थ, भीती कशाची वाटते? मी लिहिलं, पालीची. तिने लिहिलं, काहीच न करता म्हातारी होण्याची. शांतपणे समजावलं की, अगं, तू पालीला घाबरतेस. म्हणाली, घाबरतोस तू, हाकलते मी. मुद्दा सोडून बोलायची सवय.
शेवटचा प्रश्न: जोडीदाराच्या मनात सध्या काय चाललंय? मी लिहिलं, संध्याकाळची भाजी. तिने लिहिलं, बढती घ्यायची की नाही. कसली बढती? तर म्हणे दुसऱ्या शहरात नवी लॅब निघते आहे, तिथे प्रमुख म्हणून बोलावलंय. तीनदा सांगायला आले, म्हणाली. तीनदा! मला एकदाही ऐकू आलं नाही, म्हणजे नीट सांगितलं नसणार.

२९ मार्च
जाणार नाही ती. माझ्या क्विझप्रमाणे ती कासव. कासव घर सोडत नाही. मेहुणी फोनवर म्हणाली, भावोजी, कासव घर पाठीवर घेऊन चालतं. तिला शास्त्रातलं काय कळतं?

२ एप्रिल
तिने होकार कळवला. म्हणाली, महिनाभर घोळत होतं, पण तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं आणि लक्षात आलं की आपलं ठरलेलंच आहे. म्हणजे क्विझ लागू पडते! संपादकांच्या कानावर घातलं पाहिजे.
घातलं. त्यांनी विचारलं, मग तुमचं कसं व्हायचं? प्रश्न कळला नाही.

१० एप्रिल
लॅबमध्ये तिचा निरोपसमारंभ. मला म्हणाले, दोन शब्द बोला. स्वभावतज्ज्ञ म्हटल्यावर वीस मिनिटं बोललो. ती लाजाळू, घरकोंबडी, साधा निर्णय घेताना हातपाय गाळणारी. हॉल हसून हसून लोटपोट. तिचे साहेब डोळे पुसत म्हणाले, काय फिरकी घेता हो तुम्ही! गेल्या वर्षी बाईंनी कारखान्याच्या मालकासमोर त्याच्याच पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, आधी तुम्ही प्या, मग सही करते.
कोण बाई, असं विचारणार होतो. टाळ्या चालू होत्या.
भाषण यशस्वी. बायको तेवढी हसली नाही.

१३ एप्रिल
सकाळी गेली. दोनच बॅगा. आठ दिवसांत परत येईल.
दुपारी ४. सुडोकूवाला बरा झाला. अर्धं पान परत त्याचं. हे वाचक नाही तरी आकडेच भरायच्या लायकीचे.

२१ एप्रिल
आठ दिवस झाले. फोन केला. विचारलं, कधी येतेस? म्हणाली, मी का यावं, ते सांग. म्हटलं, पर्याय दे. म्हणाली, पर्याय नाहीत. तुझ्या शब्दांत सांग.
विचार केला. ती थांबली होती. मागे कुणीतरी तिला मॅडम, मॅडम म्हणून हाका मारत होतं. थोड्या वेळाने म्हणाली, सुचलं की कळव, आणि फोन ठेवला.
इतके दिवस टपरीवर भागवलं, आज घरी चहा करायला घेतला. साखर किती घालायची, माहीत नव्हतं. माझ्याच चहात.