रोहीच्या पोटातले छर्रे

दादा, परवा आपल्या हदगावच्या रानात रोही मारला. मारला असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. जे पाहिलं त्याला तो शब्द बसत नाही. कळपानं हरभरा पार तुडवला होता. गावानं नीलगाय मारायची रीतसर परवानगी आणली आणि बाहेरचा एक बंदूकवाला बोलावला. तो जीपमधून खालीसुद्धा उतरला नाही. शेजारी त्याचा मित्र मोबाइल धरून. नळीत काय भरलंय, असं मी विचारलं. "बारीक छर्रा हाय ताई. पसरतो. कोण्या तरी एकाला लागंलच." छर्र्यानं एवढं धूड पडत नाही, असं मी सांगितलं, तर सरपंचांनी मलाच बाजूला व्हायला लावलं. पळत्या कळपात त्यानं बार काढला.

तुमची बंदूक पिकाच्या राखणीची, परवान्याची. अजून डोळ्यांपुढे आहे, तुम्ही चुलीपुढे पोतं अंथरून बसलाय, काडतुसं पुसताय, मी भाकरी थापतेय. छर्रा वेगळा, गोळी वेगळी, हे तुम्ही मला, तुमच्या लेकीला, तिथंच शिकवलं. एकदा उजाडताना ज्वारीत रानडुक्कर अगदी जवळ आलं आणि तुम्ही बंदूक खाली घेतली. एवढ्या जवळून सोडलंत, म्हणून मी हसले. तुम्ही थांबलात. "त्याचं बूड माझ्याकडं होतं. पुढच्या पायामागची जागा दिसली न्हाई तर चाप वढायचा न्हाई. ज्वारी पुन्हा पेरता येती." आवाज चढला नाही, पण मी दिवसभर तुमच्यासमोर आले नाही.

परवा रोही छर्रे लागून रक्तानं ओलं पोट घेऊन तुरीत घुसला. बंदूकवाला म्हणाला, "मरून राहिला की तो, कशाला मागं जायचं?" मी जीपच्या पुढे उभी राहिले. चल म्हटलं. रक्ताच्या थेंबांवरून ओढ्यापर्यंत गेलो. जनावर उभंच होतं, पाय फाकवून. पोटावर माशा बसलेल्या. आम्हाला बघून त्याला पळायचं होतं, पण पाय उचलत नव्हता. मोठी गोळी आहे का, विचारलं. नव्हती. मग त्याला अगदी जवळ जायला लावलं, जागा बोटानं दाखवली.  पहिला बार खांद्यात गेला. दुसऱ्यानं ते बसलं. तिसऱ्यानं संपलं. लगेच मित्रानं बंदूकवाल्याला रोहीचं शिंग धरून उभं केलं आणि फोटो काढला. तो हसला, दादा.  खड्डा खणून पुरल्यावर शाळेजवळ बंदूकवाल्याला हार घातला, भजी तळली. माझ्या हातात कुणीतरी प्लेट दिली. मी ती तिथंच पारावर ठेवून निघाले. किळस त्याची आली, गावाची आली, आणि जागा दाखवणाऱ्या माझ्या बोटाचीही.

घरी आई ओसरीवर वाट बघत होती. आता तिला ऐकू कमी येतं, पण बार मोजले असतील की काय, या भीतीनं मी आधी पाय धुवायला गेले. तिनं विचारलंच, "लई हाल झाले का गं त्याचे?"

न्हाई म्हटलं. जागेवरच पडला.

हे सगळं तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही आता नाही, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तुम्ही ओसरीवर बसलेले असता, तर तुम्हालाही तेच सांगितलं असतं.