माझ्याच घरातला भाडेकरू

रेवदंडा,
मंगळवार

आदरणीय रत्नपालदादास,
धाकट्या अजितचा सविनय जय भीम.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? रचनावहिनींची शुगर? फोन केला असता, पण माझं नाव दिसलं की तुझ्या न्हावा शेवा बंदरातले सगळे कंटेनर एकदम उतरायला लागतात आणि तुला काही ऐकू येत नाही. म्हणून पोस्टाचं तिकीट लावतोय (रोखीने घेतलंय, काळजी नसावी).

गेल्या वर्षी तुझ्याकडे जेवताना तू स्वतः करून पाहिलेला एक सल्ला दिला होतास. घराचा हप्ता जड जातो ना, मग क्रेडिट कार्डावरून बायकोला भाडं दे. म्हणजे ॲपवर जयमाला घरमालकीण आणि मी भाडेकरू. कार्डातून भाडं तिच्या खात्यात, तिथून घरकर्जाचा हप्ता, आणि वर पॉइंट. काय डोकं आहे दादा तुझं, बँकेत असतास तर बँक कधीच बुडाली असती. तिच्या खात्याला मोबाइल नंबर माझा, त्यामुळे मालकिणीला पत्ताच नाही. जवळजवळ वर्षभर मी स्वतःच्या घरात बायकोचा भाडेकरू म्हणून सुखाने राहिलो. दर महिन्याला ॲपवाला आपली फी कापायचा, कार्डावर व्याज चढायचं, आणि मी बिलातली 'किमान' लिहिलेली रक्कम भरून छाती पुढे काढून फिरायचो. पॉइंट मात्र मिळाले हं. त्यांत सँडविच टोस्टर आला. हिशेब केला तर तो मला एका खोलीएवढा पडला.

मग कार्डाची मर्यादा संपली, घराचे हप्ते चुकले आणि बँकेची नोटीस नेमकी जयमालाच्या हातात पडली. ती ओरडली नाही (ओरडली असती तर बरं झालं असतं). ती मला तिच्या बचत गटात घेऊन गेली.

गटाची बैठक विहारात भरते. चहूकडे सतरंजीवर बायका आणि मधोमध मी, तालुक्याच्या कचेरीतला वरिष्ठ लिपिक. अध्यक्ष बायजाबाईंनी कार्डाची बिलं मोठ्याने वाचायला लावली, तीही मलाच. दर बिलात 'जयमाला, घरभाडे' आलं. बायजाबाई म्हणाल्या, "जयमाले, तुझ्याकं भाडेकरू हाय आन् आम्हांला ठावं न्हाय?" सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. एकीने भाडं वाढवायचं सुचवलं. दुसरीने भाडेकरू जेवतो कुठे ते विचारलं. जयमाला तेव्हा पहिल्यांदा बोलली, "जेवतो माझ्याकडंच. त्याचं येगळं लावते आता."

चेष्टा पुरे, दादा. घर कर्जाचं असलं तरी खालची जागा आपल्या आप्पांनी मिठागरावर राबून घेतली. ती माझ्या हातून जाईल या भीतीने रात्री उठून नोटीस पुन्हा वाचतो.

गट कर्ज द्यायला तयार आहे, महिना एक टक्क्याने. आधी घराचे थकलेले हप्ते, मग कार्ड. माझं कार्ड बायजाबाईंनी तिथेच कापलं, माझ्यासमोर, कोथिंबिरीची देठं खुडावीत तसं.

वहिनींना नमस्कार.

तुझा आजवर आज्ञाधारक असलेला,
अजित

ता.क. कर्जाला जामीन लागतो आणि तो नवऱ्याच्या बाजूचा हवा (बायकोच्या बाजूचे आधीच पस्तावलेत, असं बायजाबाईंचं म्हणणं). मी तुझं नाव दिलंय. रविवारी दुपारी ये. जामीनदाराने आपल्या कार्डाची बिलं सोबत आणायची असतात.

ता.क. दुसरा. ड्युटी आहे वगैरे कळवू नकोस. जयमालाने काल वहिनींना फोन करून एवढंच विचारलं की, भावोजींचं भाडं तुमच्या खात्यात वेळेवर जमा होतं ना? वहिनी आज पासबुक भरून आणायला बँकेत जाणार आहेत. तेव्हा हे पत्र हातात पडेपर्यंत रविवारी घरी थांबण्यापेक्षा इकडे यायला तुलाच बरं वाटेल. कपडे दोन दिवसांचे आण.