मनू किनवटला निघाली

लातूर,
शनिवार, रखरखीत दुपार

परमप्रिय आणि तितकीच पूज्य कस्तुराअक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा प्रभूच्या नावात नम्र सलाम. त्याच्या कृपेने इथे आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे, तुझी ती दम लागलेली मांजर आणि हॉस्टेलमागचं सीताफळाचं झाड, तिघांचीही खुशाली कळव. तू मेट्रनच्या कामातून कधीच मोकळी झालीस, तरी तिथल्याच आवारात खोली घेऊन राहतेस आणि शिबिराच्या स्वयंपाकघरात तुला विचारल्याशिवाय वरणाला फोडणी बसत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र शिबिराच्या साहेबांना न लिहिता तुला लिहून राहिलो. विषय एवढाच, की आपली मनू, म्हणजे मिहिरची मनस्विनी, सोमवारी संडेस्कूलच्या पोरांबरोबर तुमच्या बालशिबिराला येत आहे. आठवडाभर. घर सोडून पहिल्यांदाच. मला तिच्याबद्दल विशेष काहीच सांगायचं नाही. इतर लेकरांत आणि तिच्यात कसलाही फरक करू नकोस, ही माझी पहिली आणि शेवटची विनंती. (पत्र लांबलं तर तो सवयीचा दोष समज. ज्याने जन्मभर चौथीच्या वर्गाला कविता शिकवल्या, त्याला सरळ मुद्द्यावर येण्याची घाई कधी नव्हतीच.)

शिबिराला जायचं ठरल्यापासून आमच्या सूनबाईंनी, श्रद्धाने, घरात सराव सुरू केला. तिचं म्हणणं, पोरीला एकटीने झोपता आलं पाहिजे, गार पाण्याने अंघोळ करता आली पाहिजे, स्वतःच्या वेण्या स्वतः घालता आल्या पाहिजेत आणि पानात पडेल ते खाता आलं पाहिजे. मी या सगळ्याला मनापासून पाठिंबा दिला. वेण्यांचा सराव शेजारच्या लायबाच्या डोक्यावर झाला. (लायबा म्हणजे आपल्या जिलानीमियाँची नात. मनूच्या वर्गातली, आणि दिवसातला बराच वेळ आमच्याच घरी.) एक वेणी कानाच्या वर आणि एक मानेपाशी अशी ती पोरगी दोन दिवस गल्लीभर हिंडली, पण तक्रार केली नाही. मग जेवणाचा सराव. श्रद्धाने पातळ वरण, मोकळा भात आणि दोडक्याची भाजी असं शिबिराचं जेवण केलं. मनूने निमूट संपवलं. मी दोडका ताटाच्या कडेला सारला, तर श्रद्धा म्हणाली, "पप्पा, शिबिराला कोण चाललंय, तुम्ही का ती?" मिहिर फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, "यांनाच सोडून येऊ ना किनवटला. अक्काआत्या खाऊ घालतेल बराबर." मनूने माझा दोडका उचलून स्वतःच्या ताटात घेतला आणि खाऊन टाकला. सराव म्हणून असेल.

आता भांड्यांचं प्रकरण, कारण तिथे त्यावरून गोंधळ होणार आणि दोष मनूवर यायला नको. ताट, वाटी, पेला घरून आणावा आणि त्यावर नाव घातलेलं असावं, असा तुमच्याकडून निरोप होता. मी ते काम अंगावर घेतलं. गंजगोलाईत जिलानीमियाँचं भांड्यांचं दुकान तुला आठवत असेल. मिहिरच्या लग्नात आपण घागर तिथूनच घेतली होती. नाव घालायचं मशीन आता त्यांचा मुलगा चालवतो, पण मास्तरांच्या नातीचं काम म्हणून ते स्वतः बसले. मी शेजारच्या स्टुलावर. बोलता बोलता आमची जुनी शाळा निघाली, त्या शाळेतलं कडुनिंबाचं झाड निघालं, कवितेच्या तासाला बाहेरून खिडकीला लटकून ऐकणारे उनाड विद्यार्थी निघाले (त्यांत जिलानीमियाँ स्वतः होते), आणि घरी येऊन पाहतो तर तिन्ही भांड्यांवर सुरेख अक्षरात "चि. मनस्विनी यांजकडून सप्रेम भेट". मी उलट पावली गेलो. मियाँ चष्मा वर करून ते वाचत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, क्या करूं, हाताला लग्नाचीच सवय हाय. नाव आलं की हात पुढं पळतोच." पुसायला गेलं तर पत्रा झिजतो. तेव्हा अक्का, पंगतीत कोणी ते ताट उचलून "भेट मिळाली" म्हणून पेटीत ठेवलं, तर त्या लेकराला चोर समजू नकोस. ते फक्त वाचायला शिकलेलं आहे.

दुसरी अडचण पाठांतराची, आणि तीत माझा हात नाही असं मी म्हणणार नाही. शिबिरात प्रत्येक मुलाने एक स्तोत्र तोंडपाठ म्हणून दाखवायचं आहे. मनूच्या वाट्याला दावीद राजाचं ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे आलं. गद्य पाठ करायचं म्हणजे हातात वाळू धरण्यासारखं; चाल लावली की ती मूठ ओली होते. म्हणून मी ते आपल्या करडाच्या कवितेच्या चालीवर बसवलं. तुला आठवते ना ती? नायगावला आपल्या मिशनशाळेच्या पडवीत तू मला म्हणून दाखवायचीस. फुलपाखरामागे टेकडीवर गेलेलं करडू, सांज होते, ते ओढ्याला वाट विचारतं, पळसाला विचारतं, वाऱ्याला विचारतं, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्याच्या गळ्यातली घंटा वाजते, किणकिण, किणकिण. पुस्तकाच्या त्या पानावरचं कवीचं नाव वाळवीने खाल्लं होतं. कविता मात्र तिने सोडली. काय अक्षरं होती ती, अक्का. आताच्या पुस्तकांत चित्रं मोठी आणि कविता वितभर. असो. तर मनूने दोन दिवसांत स्तोत्र पाठ केलं. गेल्या रविवारी उपासनेत तिला सराव म्हणून उभं केलं. पहिलं वचन खणखणीत झालं, आणि ते संपताच तिने "किणकिण, किणकिण" म्हटलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला पुढच्या बाकांवरच्या पोरांनी तिच्याबरोबर म्हटलं. स्तोत्रातल्या मृत्यूच्या छायेच्या खोऱ्यात सगळं मंदिर किणकिणत शिरलं आणि सुखरूप बाहेर आलं. पाळकसाहेब बराच वेळ डोळे मिटून होते. नंतर दारात हात मिळवताना म्हणाले, "मास्तर, दावीद राजाच्या गळ्यात घुंगरू बांधलं तुम्ही." आता घंटा काढली तर तिला पुढचं वचन सुचत नाही. तेव्हा परीक्षकांमध्ये कोणी करडं स्वभावाचं असेल, तर त्यांच्या कानावर आधीच घाल.

झोपेचा सराव मात्र मी जमू दिला नाही. म्हणजे मी विरोध केला असं नाही. श्रद्धाने तिचं अंथरूण पुढच्या खोलीत घातलं. मी म्हटलं, छान. मग मला रात्री पाणी लागलं, आणि पाण्याचा तांब्या पुढच्याच खोलीत असतो, आणि गेलोच आहे तर एक कविता म्हणावी. तू हसशील, पण तुझी भावजय गेल्यापासून आमचा हा रोजचा नेम आहे. दिवा मालवला की मनू माझ्या पलंगावर येते, मी करडाची कविता सुरू करतो, आणि त्याशिवाय पोरीला झोप म्हणून लागत नाही. गंमत म्हणजे शेवटचं कडवं तिने आजवर ऐकलेलंच नाही. करडू वाऱ्याला वाट विचारतं तोवर ती गाढ झोपलेली असते. मीही तिथेच थांबत असेन, कारण पुढचं म्हटल्याचं मला आठवत नाही. सकाळी उठतो तर माझा चष्मा घडी करून खिडकीत नीट ठेवलेला. या वयातही अंगची शिस्त गेली नाही, हे पाहून बरं वाटतं.

मला कधी कधी वाटतं, त्या पोरीच्या लेखी करडू अजून टेकडीवरच आहे. अंगणात त्याची आई कान देऊन उभी असते आणि तिला लांबून घंटा ऐकू येते, हे तिला माहीतच नाही. आणि मला ते सांगायची घाई नाही. (जूनपासून मिहिरची बदली पुण्याला आहे. मनूचं नावही तिकडच्या शाळेत घातलं. मी इथेच राहणार. कोणीतरी घर झाडायला हवं. श्रद्धा म्हणते, पप्पा, दिवाळीच्या सुटीत ती येईलच, मे महिन्यात येईलच. येईलच. पुण्याहून लातूरला गाड्या पुष्कळ आहेत.) एक कडवं शिल्लक असलेलं बरं, एवढंच माझं म्हणणं. तेव्हा किनवटचा हा आठवडा म्हणजे काही फार नाही. सरावच आहे. कोणाचा, ते तू विचारू नकोस.

वळकटीत माझी जुनी सोलापुरी चादर आहे. श्रद्धाने ती दोनदा काढली, मी दोनदा घातली. तुमच्याकडे जंगलामुळे पहाटे गारवा असतो असं मी कारण दिलं. (मे महिन्यात ते कोणाला पटलं नाही.) शिबिरात मुलांना फोन नाही आणि घरच्यांनी भेटायला येऊ नये, हा नियम मला पूर्ण मान्य आहे. मी आमच्या संडेस्कूलच्या बाईंना तसं सांगितलंही. पुन्हा एकदा विनवतो, तिला वेगळी वागणूक नको. गुडघ्यांना तेल लाव. मांजरीला माझा सलाम.

तुझा धाकटा,
शांतवन

ता. क. तिला दाराजवळ झोपवू नकोस. भिंतीकडची जागा दे, पण पाल नसलेल्या भिंतीकडची.

ता. क. ती रडली तर लगेच कळव. रडली नाही, तर थोडी रडली असं कळव.

ता. क. भेटायला येऊ नये हा नियम आत येण्यापुरता आहे, की फाटकाबाहेरून बघण्यालाही लागू आहे? नांदेडहून किनवटला रेल्वे आहे, हे सहज आठवलं.

ता. क. आता खरं काम. हे पत्र त्याचसाठी लिहिलं. रात्री मुलींच्या खोलीत एक चक्कर टाक आणि तिच्या उशाशी बसून करडाची कविता म्हण. चाल मला तुझीच आलेली आहे, तिला फरक कळणार नाही. पण अक्का, शेवटचं कडवं म्हणू नकोस. ती जागी राहिली तरी म्हणू नकोस. विसरले म्हण. ते मला सुटीसाठी ठेवायचं आहे. हे तिला कळता कामा नये, म्हणून पाकीट नीट चिकटवून संडेस्कूलच्या बाईंच्या हाती पाठवत आहे. (माझ्या डोळ्यांना आता पाकिटाची फट दिसत नाही, तेव्हा डिंक लावायला मनूलाच दिलं आहे.)

अक्काआजी, सलाम. मी मनस्विनी. पत्र मोठं होतं म्हणून वाचायला वेळ लागला. मला कवितेशिवाय झोप येते, माझी काळजी करू नका. आजोबांना येत नाही. म्हणून मी लायबाला सांगून ठेवलंय, ती रोज जिलानीचाचांना विचारून आमच्याकडे जाणार आणि म्हणणार. तिला अर्धीच येते पण तेवढी पुरते, ते ओढ्यापाशीच घोरतात. मग चष्मा काढून खिडकीत ठेवायचा, तेही तिला दाखवलंय. पुढची सगळी कविता मी त्या वाळवी लागलेल्या पुस्तकातून पाठ केलीय आणि रोज हळू आवाजात एकटीच म्हणते, शेवटपर्यंत, कारण मध्ये सोडली तर बरं वाटत नाही. करडू घरी येतं ते मला कधीचंच माहीत आहे. पण तुम्ही आजोबांना सांगू नका. त्यांना ते मला सुटीत सांगायचंय.